बारा खुर्च्या

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला : वाकणं. वारी, भातलावणी आणि सरकारी कचेरी या तिन्हींवर इतर कुणीतरी लिहिणार हे उघड होतं. मी बोईसरची गाडी धरली. ख्रिस्ती वर्षात एक संध्याकाळ अशी येते, की एरवी वेदीवरून उपदेश करणाऱ्या माणसाला खाली उतरून, गुडघे टेकून, समोरच्यांचे पाय धुवावे लागतात. ईस्टरच्या आधीचा गुरुवार. 2025 साली तो 17 एप्रिलला आला.

विरार सुटलं की डहाणू लोकल निवांत होते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. 2013 मध्ये उपनगरी गाडी डहाणूपर्यंत गेली आणि वैतरणा, सफाळे, केळवे रोड ही स्टेशनं गर्दीची झाली. पालघरला फायली उतरतात, कारण 1 ऑगस्ट 2014 पासून ते जिल्ह्याचं ठिकाण आहे. बोईसरला जेवणाचे डबे, हेल्मेटं आणि काळ्या सॅका उतरतात. फलाटावर हिंदीचे पाचसहा सूर कानावर पडतात, मध्येच मल्याळम, मध्येच ओडिया. जिन्याच्या पायथ्याशी ताडगोळे घेऊन बसलेल्या वारली बाईचं बोलणं मात्र या सगळ्यांच्या आधीपासूनचं.

बसायला कुणी तयार नसतं

पवित्र गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सेची मांडामांड दुपारीच सुरू होते. वेदीपुढे अर्धगोलात बारा खुर्च्या, स्टीलची परात, तांब्या, घडी घातलेले टॉवेल. वसईकडून नोकरीसाठी येऊन इथेच घर केलेल्या एका काकांकडे बारा माणसं जमवण्याचं काम होतं आणि ते घामाघूम झाले होते. त्यांची तक्रार मजेशीर होती. पाय धुवायला सांगा, रांग लागेल. धुवून घ्यायला बसा म्हटलं की जो तो मागे सरतो. एकाच्या टाचांना भेगा. एकजण रंगाच्या कारखान्यात, त्याच्या नखांतला निळा काही केल्या निघत नाही. एकाची दुसरी पाळी. एका आजीबाईंचं म्हणणं, फादरनी माझ्या पायाला हात लावायचा म्हणजे पाप मलाच लागणार.

ही अडचण नवी नाही. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू अंगावरचं वस्त्र उतरवतो, कमरेला पंचा गुंडाळतो आणि शिष्यांचे पाय धुवायला घेतो. ते काम त्या काळी घरच्या दासाचं. पेत्र पाय मागे घेतो, तुम्ही माझे पाय धुवायचे नाहीत म्हणून हटून बसतो. बाकी तीन शुभवर्तमानांत भाकर आणि प्याला आहे. पाय धुण्याचा प्रसंग एकट्या योहानानेच सांगितला आहे.

आपल्याकडे पाय धुणं कमी नाही. दारात आलेल्या पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवतात, लग्नात मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो, गुरूची पाद्यपूजा होते. पण पाणी नेहमी एकाच दिशेला वाहतं : धुणारा खालचा, धुवून घेणारा वरचा. बोईसरच्या त्या आजीबाईंना धर्मशास्त्र कळलं नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांना ते नको तितकं कळलं होतं. वरच्याने खाली बसायचं, तर खालच्याला वर बसावं लागतं, आणि ते बसणं अंगावर येतं.

शेवटी बारा जमले. मराठी, मल्याळी, तमिळ, मंगळूरकडचे कोंकणी, झारखंडचे दोन उराँव तरुण, आणि त्या आजीबाईसुद्धा. सगळेच घरून पाय घासून आले होते, हे सांगायला नको. धुतलेलेच पाय पुन्हा धुतले गेले.

बाई त्या खुर्चीवर बसली याचं आता कुणाला काही वाटत नाही, पण 2016 च्या आधी रोमच्या नियमात तिथे फक्त पुरुष होते. पोप फ्रान्सिस यांनी निवडून आल्यावर 2013 मध्येच किशोरांच्या तुरुंगात जाऊन मुलींचे आणि मुसलमान कैद्यांचेही पाय धुतले होते. कागदावरचा नियम तीन वर्षांनी बदलला. केरळच्या सिरो-मलबार चर्चने मात्र आपली पुरुषांपुरती चाल सोडली नाही. मलंकरा ऑर्थोडॉक्स परंपरेत हा विधी बिशपच करतो, साधा धर्मगुरू नाही. त्यामुळे एकाच गावात, एकाच संध्याकाळी, एकाच प्रसंगाच्या आठवणीत कुठे बाईचे पाय धुतले जातात, कुठे नाही, आणि कुठे परातच निघत नाही. त्याच दिवशी रोममध्ये आजारी पोप रेजिना चेली तुरुंगात कैद्यांना भेटून आले. पाय धुणं यंदा झेपणार नाही, असं त्यांनी कैद्यांना सांगितलं. चार दिवसांनी ते गेले.

अणुभट्टीमागून आलेली मंडळी

तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांचा. 1739 च्या जानेवारीत मराठ्यांनी तो घेतला, बाजी भिवराव रेठरेकर तिथेच पडले, आणि मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर या किनाऱ्यावरची पोर्तुगीज सत्ता आटोपली. वसईत ख्रिस्ती समाज टिकला, शेतीत आणि मासेमारीत रुजला, आपली मराठी बोलत राहिला. पण आज बोईसर-तारापूरला रविवारी चर्चच्या बाहेर ज्या चपला दिसतात, त्यांतल्या बहुतेकांचा त्या पोर्तुगीजांशी संबंध नाही. त्या अणुभट्टीमागून आल्या.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 मध्ये वीज देऊ लागल्या. त्यांच्यासाठी फिटर, वेल्डर, लेखनिक, परिचारिका, शिक्षिका देशभरातून आल्या. त्यात केरळचे बरेच. मग औद्योगिक वसाहत वाढली : रसायनं, औषधं, कापडाची रंगाई, पोलाद. पुढे 2005 आणि 2006 मध्ये आणखी दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, ही गोष्ट 'देशभरातून लोक आले' या वाक्याला जोडूनच सांगायला हवी. कुणीतरी आलं तेव्हा कुणीतरी गेलंही.

आलेल्यांनी आपापली उपासना सोबत आणली. आज इथे लॅटिन विधीचे कॅथलिक आहेत, ते 1998 मध्ये मुंबईपासून वेगळ्या झालेल्या वसई धर्मप्रांताचे. सिरो-मलबार कॅथलिक 1988 मध्ये स्थापन झालेल्या कल्याण धर्मप्रांताचे. शिवाय ऑर्थोडॉक्स, मार थोमा, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आणि दुकानांच्या वरच्या मजल्यावर लाउडस्पीकर लावून जमणाऱ्या पेंटेकोस्टल मंडळ्या. बाहेरच्याला हे सगळं 'ख्रिश्चन' एवढ्या एका शब्दात बसतं. आतल्यांना तसं वाटत नाही. उपवास कधी सोडायचा, हात जोडायचे की उंच करायचे, बायकांनी डोक्यावर पदर घ्यायचा की नाही, यावरून कुजबुज चालते. लग्न जुळवताना तर पंथच काय, जातही विचारली जाते. ते लपवण्यात अर्थ नाही.

तरी या सगळ्यांवर राज्य एकच गोष्ट करते : पाळी. साप्ताहिक सुट्टी रविवारीच मिळेल असं नाही. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळच्या मिस्सेत पेंगतो, आणि त्याला कुणी कोपर मारत नाही. कुठल्या भाषेतली उपासना किती वाजता, याचं गणित कारखान्याच्या भोंग्याशी जुळवावं लागतं. फादरला पंचांग नसलं तरी चालेल, शिफ्टचं वेळापत्रक पाठ हवं.

त्या गुरुवारी रात्री एका मल्याळी घरात पेसहाचा, म्हणजे शेवटच्या भोजनाच्या आठवणीचा, विधी पाहिला. तांदूळ आणि उडदाचा, न आंबवलेला अप्पम. वर गुरुवारआधीच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या झावळीच्या पातीचा क्रूस. सोबत गूळ आणि नारळाचं दूध. घरातला सर्वांत मोठा पुरुष प्रार्थना करून तो मोडतो आणि वयाच्या क्रमाने वाटतो. ज्या घरात त्या वर्षी मरण झालं असेल तिथे तो करत नाहीत. शेजारी आणून देतात. माझ्या हातात तुकडा ठेवला तेव्हा मी उगाच 'राहू द्या' म्हणालो. घरच्या चेची, म्हणजे थोरल्या ताई, हसल्या आणि आणखी एक ठेवला. पेत्राची जात मोठी आहे.

डहाणूकडची पंगत

पाय धुण्याची या जिल्ह्यातली सर्वांत विलक्षण परंपरा कॅथलिकांची नाही. ती ब्रदरेन मंडळीची आहे. 1708 मध्ये जर्मनीतल्या श्वार्त्झेनाऊ गावी निघालेला हा छोटा पंथ पुढे अमेरिकेत गेला. युद्धाला नकार, साधे कपडे, शपथ घ्यायची नाही, आणि प्रभुभोजनाच्या रात्री एकमेकांचे पाय धुवायचे, अशी त्यांची रीत. 1894 च्या अखेरीला विल्बर स्टोव्हर, त्यांची पत्नी मेरी आणि बर्था रायन हे तिघं मुंबईत उतरले आणि 1895 मध्ये बलसाडला, म्हणजे आजच्या वलसाडला, त्यांनी काम सुरू केलं. त्याच वर्षी मुंबईत रेव्ह. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला होता. पुढे इकडच्या प्रॉटेस्टंट उपासनेत अमेरिकन चालींच्या शेजारी टिळकांची पदं आली आणि पेटी-तबल्यावर रुळली. 1899-1900 च्या दुष्काळात, ज्याला गुजरातेत छप्पनियो म्हणतात, मिशनने अनाथ मुलं सांभाळली. तिथून काम दक्षिणेला सरकत डहाणू, पालघर, वाडा असं मराठी मुलखात आलं. डहाणूला इस्पितळ उभं राहिलं. डॉ. बार्बरा निकी यांनी तिथे आयुष्याची उमेदीची वर्षं घातली. बाळंतपणासाठी सुईणीपलीकडे काही नव्हतं त्या काळात.

एका निवृत्त शिक्षकांनी मला प्रीतिभोजनाची पद्धत समजावली. आधी आत्मपरीक्षण : कुणाशी वाकडं असेल तर ते मिटवूनच पंगतीला यायचं. मग पाय धुणं, मग एकत्र साधं जेवण, मग भाकर आणि प्याला. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. इथे पाळक एकटा सगळ्यांचे पाय धुत नाही. पहिला दुसऱ्याचे धुतो, पुसतो, दोघं उठून गळाभेट घेतात. मग तो दुसरा तोच पंचा कमरेला बांधून तिसऱ्यापुढे बसतो. असं ओळीने. शेवटचा पहिल्याचे धुतो. प्रत्येकाला एकदा वाकावं लागतं आणि एकदा बसावं लागतं. कोण शेजारी येईल हे आपल्या हातात नसतं. सावकार येतो, त्याचा ऋणकोही येतो.

हे वाचताना सोपं वाटतं. पण अमेरिकेत याच मंडळींत एकोणिसाव्या शतकात वाद पेटला होता, की एकाने धुवायचं आणि दुसऱ्याने पुसायचं अशी जोडी करावी, की धुणं-पुसणं एकानेच करावं. 1880 नंतरच्या फुटीत तो एक मुद्दा होता. नम्रता कशी दाखवावी यावरून भांडण.

भारतातही भांडण झालंच. 1970 मध्ये सहा चर्चनी एकत्र येऊन नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं, त्यात ब्रदरेनही होतं. काहींना ते विलीनीकरण मान्य नव्हतं. जमिनी, इमारती, विश्वस्त कुणाचे, यावर गुजरातेतून खटले सुरू झाले आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2013 मध्ये निकाल लागला, तो विलीनीकरण न मानणाऱ्यांच्या बाजूने. वर्षातून एकदा ओळीने एकमेकांचे पाय धुणारी माणसं चार दशकं वकिलांच्या पायऱ्या झिजवत होती. शिक्षक हे सांगताना ओशाळले नाहीत. पंगत म्हणूनच लागते, एवढंच त्यांचं म्हणणं. वाकडं नसतं तर धुवायचं कशाला?

हिरवा देव, लाल बावटा आणि मिशनची घंटा

डहाणूच्या पुढे तलासरी. इथे येशूसंघीय धर्मगुरूंचं मिशन आहे, शाळा आहे, वसतिगृह आहे. या जिल्ह्यात वसतिगृह का चालतं, हे दिवाळीनंतर आलं की कळतं. भात झोडून झालं, खावटी संपली, की मुकादम उचल घेऊन दारात येतो. घरंच्या घरं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलं सोबत गेली की शाळा तिथेच सुटते. वसतिगृह एवढंच करतं : पोराला ताट आणि अंथरूण देऊन त्याला मागे ठेवतं. 1992 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली तेव्हा महाराष्ट्राला या भागाचा नकाशा पहिल्यांदा नीट बघावा लागला. ताट ही इथे किरकोळ गोष्ट नाही.

पण सेवेची मक्तेदारी मिशनकडे कधीच नव्हती. 1945 मध्ये झरी गावच्या सभेतून गोदावरी परुळेकरांनी लाल बावट्याखाली वारल्यांना वेठ आणि लग्नगडीची, म्हणजे लग्नाच्या कर्जापोटी राबण्याची, गुलामी झुगारायला उभं केलं. त्याच वर्षी बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा अनुताई शाळाच कुरणात घेऊन गेल्या. वाकण्याचा याहून चांगला नमुना मला मिशनच्या इतिहासातही सापडला नाही.

म्हणूनच तलासरीकडे असा माणूस सहज भेटतो, जो मिशनच्या वसतिगृहात शिकला, मत लाल बावट्याला देतो, आणि घरी हिरव्या देवाला नारळ फोडतो. त्याला यात विसंगती वाटत नाही. ख्रिस्ती झालेली वारली, कोकणा कुटुंबंही आहेत. नाताळला तारपा वाजतो आणि नाच त्याच गोलात होतो, ज्या गोलात कणसरी या धान्यदेवीसाठी होतो. कायद्याने त्यांचा आदिवासी दर्जा धर्म बदलल्याने जात नाही. अनुसूचित जातीच्या माणसाचा मात्र ख्रिस्ती झाल्यावर जातो. धर्मांतरितांना आदिवासींच्या यादीतून काढा, ही मागणी सध्या मोर्च्यांतून होते. मग दाखल्याच्या कागदाकडे घरातली म्हातारी माणसं काळजीने बघतात.

ताटाच्या बदल्यात देव बदलून घेतला, हा आरोप मिशनवर जुना आहे, आणि त्याला 'आम्ही फक्त सेवा करतो' एवढं उत्तर पुरत नाही. मुलाला प्रार्थना सक्तीची आहे का, त्याच्या आईच्या देवाबद्दल त्याला काय सांगितलं जातं, हे विचारलंच पाहिजे. माझी कसोटी साधी आहे : जी संस्था आदिवासींकडून काही घेते, शिकते, त्यांच्याकडून चूक दाखवून घेते, ती सेवा करते. जी फक्त देत राहते ती उंचावरच बसलेली असते, हातात परात असली तरी. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं मोठेपण मला इथे दिसतं. 'सुवार्ता' मासिक चालवताना, हरित वसईच्या लढ्यात उतरताना आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद घेताना ते मराठी समाजाला काही द्यायला आलेले पाहुणे नव्हते. ते संतसाहित्यातून घेत होते, भाषेतून घेत होते, आणि तसं मोकळेपणाने सांगत होते.

चिल्हार फाट्याकडे जाणारी गाडी

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ती गोष्ट.

औद्योगिक वसाहतीत अपघात होतात. 11 जानेवारी 2020 च्या स्फोटात आठ माणसं गेली, तेव्हा सगळ्या वाहिन्या आल्या. पण एकेकटी मरणं रोजच्या बातमीत मावत नाहीत : कुणी टाकी साफ करताना, कुणी रूळ ओलांडताना, कुणी भाड्याच्या खोलीत तापाने. माणूस कंत्राटाचा. खोलीत सहाजण, सगळे एकाच गावचे, तेही वीस-बाविशीचे. मुकादमाचा फोन बंद. मग त्यांच्यातला कुणीतरी चर्चमधल्या ओळखीच्या माणसाला फोन लावतो.

पुढचं काम असं चालतं. पोलीस ठाण्यात पंचनाम्यासाठी मराठी बोलणारा लागतो. तिथे वसईकडचा माणूस जातो. शवविच्छेदन होईपर्यंत कुणीतरी बाहेर थांबतं. मृतदेह विमानाने न्यायचा तर रासायनिक लेप आणि त्याचा दाखला लागतो, पोलिसांचं ना-हरकत पत्र लागतं, मृत्यूचा दाखला लागतो, पत्रा लावलेली पेटी लागते. कुठे काय मिळतं हे केरळच्या परिचारिकांना पाठ असतं. गाडी कुणा तमिळ भाईची. उराँव पोरं गावी फोन करतात, कारण आईशी तिच्या भाषेत बोलणारं दुसरं कुणी नसतं. पैसे रविवारच्या दानपेटीतून, उरलेले उधारीवर. मग गाडी बोईसर-चिल्हार रस्त्याने महामार्गाला लागते आणि मुंबईच्या विमानतळाच्या मालवाहू दाराशी थांबते. रांचीला दुसरी गाडी उभी असते, पुढे सिमडेगापर्यंत.

गेलेला ख्रिस्तीच असतो असं नाही. झारखंडच्या आदिवासींचा सरना धर्म मानणारा असतो, हिंदू असतो. यातल्या एका काकांना मी विचारलं, तुम्ही हे विचारत नाही का? ते म्हणाले, पेटीची लांबी विचारतो. हेही सांगायला हवं, की गावात इतर समाजांच्या मंडळ्याही आपापल्या माणसांसाठी हेच करतात, कधी एकमेकांची शववाहिका वापरून.

आणि उलट दिशेने काय येतं? म्हातारे मल्याळी आता इथेच मरू लागले आहेत. मुलं आखाती देशांत किंवा कॅनडात. कबरीचा खड्डा खणायला, खांदा द्यायला, रात्रभर घरात बसायला येतात ती झारखंडची पोरं, रात्रपाळी बुडवून, म्हणजे दिवसाचा पगार सोडून. एका चेचींनी सांगितलं, नवऱ्याच्या वेळी त्यांना हे घेणं जड गेलं. आयुष्यभर त्याच मुलांना त्या गोळ्या देत आल्या होत्या.

1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात लिहून ठेवलं होतं, की कामगाराचा जीवघेणा अपघात झाला तर कंत्राटदाराने दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि कामगाराच्या जवळच्या नातेवाइकाला कळवायचं. ही जबाबदारी दानपेटीची नाही. हा अंक तारापूर वसाहतीतल्या ज्या मालकांच्या, व्यवस्थापकांच्या, कंत्राटदारांच्या घरी येतो, त्यांना एवढीच विनंती : दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी हजेरीपटाच्या शेवटी एक रकाना वाढवा. प्रत्येक कंत्राटी कामगाराच्या नावापुढे त्याचं गाव, जिल्हा, आणि घरच्या माणसाचा चालू असलेला फोन नंबर लिहा, आणि तो एकदा लावून बघा.